सत्तारभाईंची उजेड पिणारी काच

माझ्या मुलीचा, रेवतीचा फोन आला तेव्हा मी वैजापूरला होतो. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या ऑफिसातली सागवानी कपाटं विकायला निघाली होती. मालक एका आकड्यावर अडला होता, मी दुसऱ्यावर. रेवती फोनवर एवढंच म्हणाली, "पप्पा, सत्तारचाचा गेले... सकाळी, दुकान उघडताना." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि सौदा पुरा केला. परतताना अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, की कपाटं कितीला ठरली ते मला आठवत नाही. घेतलेल्या प्रत्येक दाराचा, प्रत्येक चौकटीचा भाव मला पाठ असतो. गाडी बाजूला घेतली आणि मालकाला फोन करून विचारलं. तो हसला. त्याला वाटलं, शेठ अजून घासाघीस करतोय. मी शहरात पोचेपर्यंत माती झाली होती.

सत्तारभाई म्हणजे पैठण गेटच्या मागच्या गल्लीतले फोटोवाले. शेवटची सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. खरं तर मी बोलत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक म्हणतील, माणूस मेल्यावर गोड बोलायला लागला. माझा त्यांच्यावर राग होता आणि त्यातला थोडा अजूनही आहे.

धंदा माझा जुन्या दारं-खिडक्यांचा. पडणाऱ्या इमारतींचं, बंद होणाऱ्या दुकानांचं लाकूड घ्यायचं आणि नव्या बंगल्यांना, हॉटेलांना विकायचं. देवगाव रंगारीहून शहरात आलो तेव्हा हातगाडीही भाड्याची होती. पुढं दुकानाचा परवाना काढायचा ठरला, त्यासाठी फोटो हवे होते, म्हणून सत्तारभाईंकडं गेलो. त्यांनी आठ फोटोंचे पैसे सांगितले. मी म्हणालो, तेवढ्यात दहा द्या. ते म्हणाले, "बारा देता हूँ, लेकिन वो गले का बटन लगाव. ये चेहरा सरकारी कागज पे जानेवाला है." बटण होतंच कुठं? त्यांनी खुंटीवरचा स्टुडिओतला काळा कोट काढून माझ्या अंगावर चढवला, मागून चिमटे लावून घट्ट केला. त्या परवान्यावर मी अजून दुसऱ्याच्या कोटात आहे. तेव्हापासून बाजारात गेलो की त्यांच्याकडं चहा ठरलेला. पुढं डिजिटल आलं, रोल गेले, पासपोर्ट फोटो कोपऱ्याकोपऱ्यावर निघायला लागले. सत्तारभाईंनी मोठा पडदा गुंडाळून ठेवला आणि कॅमेरे दुरुस्त करायला, वापरलेले घेऊन विकायला लागले. मला ते आवडलं होतं. म्हटलं, आता तुम्ही पण जुन्या मालाचे व्यापारी. ते म्हणाले, "हौ, लेकिन मैं ऐब पहले बताता हूँ. तुम बाद में निकालते."

दुष्काळाची ती वर्षं. नळाला पाणी आठवड्यानं, तेही कधी येईल सांगता येत नसे. बीड बायपासच्या पलीकडं मात्र टँकरवर टँकर ओतून बंगले उभे राहत होते, आणि प्रत्येक बंगल्याला जुन्या नक्षीचं दार पाहिजे होतं. गावं रिकामी होत होती, शहर फुगत होतं आणि माझा धंदा दोन्हीच्या मधोमध जोरात चालला होता. रेवती तेव्हा नुकतीच बारावी झालेली. म्हणाली, "पप्पा, मला कॅमेरा पाहिजे. फोटो काढायला शिकायचंय." मी म्हणालो, वीस हजारांत काय येतं ते बघू.

आणि मी बघितलं. तीन दुकानं फिरलो, एकाचा भाव दुसऱ्याला सांगितला, दोनदा पायरी उतरलो, दोनदा परत बोलावून घेतलं. निराला बाजारातला एक दुकानदार चौतीसवरून एकोणतीसवर आला. वर दोन लेन्स, बॅग, तिपाई, कार्ड आणि पुसायचं फडकंही. वीसचं ठरवून एकोणतीसला घेतला आणि पाच हजार वाचवले म्हणून मी खुशीत होतो, हे आज लिहिताना दिसतंय. दोन दिवसांत परत आणला तर चालेल, हेही मी कबूल करून घेतलं होतं. खोका घेऊन आम्ही बापलेक थेट सत्तारभाईंकडं गेलो. खरं कारण सांगतो. मला शाबासकी हवी होती.

सत्तारभाईंनी लांबची लेन्स हातात घेऊन तोलली. "शेठ, ये तोप कायको लाए? बच्ची फोटो खींचेगी या चिडिया मारेगी?"

मी मेगापिक्सलचा आकडा सांगितला. दुकानदारानं तो मला तीनदा सांगितला होता.

"ते पोत्याचं माप आहे शेठ," ते मराठीत म्हणाले. चिडले की ते मराठीत बोलायचे. "पोतं मोठं घेतलं म्हणून धान्य भरतं का? धान्य काच आणते. आणि ही काच खोलीत गेली की आंधळी."

मग त्यांनी मला सोडलं आणि रेवतीकडं वळले. त्यांची एक रीत होती. नव्यानं शिकणाऱ्याला ते लगेच कॅमेरा विकत नसत. आपला एक जुना कॅमेरा एका रविवारसाठी देत. तिलाही दिला आणि म्हणाले, "बेटा, शामको आके मेरेकू फोटो नक्को दिखाना. जो नहीं निकला, वो बताना."

त्या रविवारी मला देवगावला जायचं होतं. गावातल्या नामदेव टेलरच्या दुकानाचं दार घ्यायचं होतं, चार फळ्यांचं, सागवानी, प्रत्येक फळी माणसापेक्षा उंच. गावात शिवायला टाकणारी माणसंच राहिली नव्हती. मास्तर वाळूजला मुलाकडं निघाले होते. रेवती बरोबर आली. दुकानात अंधार, बाहेर डोळे फोडणारं ऊन. आम्ही तासभर भाव केला. शेवटी मास्तर म्हणाले, "इठ्ठल्या, तुही शाळंची चड्डी शिवताना म्या भाव केला व्हता का रं?" मी म्हणालो, "मास्तर, चड्डीला भोक नव्हतं. फळीला आहे." ते हसले, मीही हसलो, आणि भाव ठरला.

संध्याकाळी सत्तारभाईंनी विचारलं, कोणता निघाला नाही? रेवती म्हणाली, "पप्पांचा. ते भाव करत होते तेव्हाचा. अंधार होता, आणि ते एका जागी थांबतच नाहीत. नुसता डाग आलाय."

सत्तारभाई माझ्याकडं बघून गालात हसले. म्हणाले, "हो गया. कॅमेरा मिल गया." त्यांनी कपाटातून एक वापरलेला कॅमेरा काढला, कडा घासून पांढऱ्या पडलेला, आणि त्याला एक बुटकी लेन्स लावली. ना ती लांब जाई, ना जवळ येई. जवळ-लांब जायचं ते आपल्या पायांनी. "पण ही काच उजेड पिते," ते म्हणाले. "जिथं डोळ्याला दिसत नाही तिथलंही घेते." लेन्समध्ये टॉर्च मारून त्यांनी मलाही बघायला लावलं, आत बुरशीचं जाळं नाही म्हणून. "बंबई का माल कभी नक्को लेना. समंदर की हवा, काच खा जाती. दुष्काळानं आपलं एवढं तरी भलं केलंय शेठ, काचेला बुरशी धरत नाही. धूळ मात्र भरपूर, ती मी साफ करून देईन. जन्मभर."

भाव सांगितला, साडेसोळा. मी म्हणालो, बारा. ते म्हणाले, साडेसोळा. मी घासलेल्या कडा दाखवल्या. "हौ, घिसा है. पहले ही बोला. साडेसोळा." मी उठून दारापर्यंत गेलो. कुणी परत बोलावलं नाही. वळून बघितलं तर दोघं माझ्याकडं पाठ करून त्या कॅमेऱ्यात डोकावत होते... मी साडेसोळा दिले. दुसऱ्या दिवशी खोका परत करायला गेलो तर निराला बाजारातला दुकानदार म्हणाला, "काय शेठ, घरच्यांनी ऐकलं नाही वाटतं?" स्वतःच्या अकलेवर उभा राहिलेल्या माणसाला मुलीसमोर असं अडाणी ठरवायचं नसतं. माझ्या रागाची पहिली गाठ ही.

दुसरी गाठ पुढच्याच आठवड्यात बसली. फळ्या उतरवायला आम्ही पुन्हा देवगावला गेलो, रेवती नव्या-जुन्या कॅमेऱ्यासह. आमच्या धंद्यात एक रीत आहे, चांगली म्हणत नाही, पण आहे. दार बिजागरीतून उतरलं की भाव पुन्हा काढायचा. उतरलेलं दार विकणारा परत लावत नाही. मी फळीच्या खालच्या अंगाला किडीचं भोक शोधलं, त्यात बोट घातलं आणि बोलायला लागलो. त्याच वेळी रेवतीनं फोटो घेतला.

महिन्याभरानं एक बंगलेवाले गिऱ्हाईक मला म्हणालं, "शेठ, तुमचा फोटो बघितला पैठण गेटला. आता तुमच्याशी भाव करायची भीतीच वाटते." मी तसाच गेलो. सत्तारभाईंच्या दर्शनी काचेत, मधोमध, मोठा करून, चौकटीत... मी. तोंड वाकडं, डोळे बारीक, बोट भोकात. शेजारी गळ्यात टेप घातलेले मास्तर खाली वाकलेले. असं वाटावं की माझ्या पाया पडतायत. मी गल्लीत उभा राहून ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तुमच्या पोटावर पाय आला म्हणून माझ्या धंद्यावर थुंकता का, इथपर्यंत बोललो. आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले. सत्तारभाई एवढंच म्हणाले, "पूरा देखो शेठ. मूँह तो सब देखते."

"उतरवा."

त्यांनी उतरवला. मी वळलो तो परत त्या गल्लीत गेलो नाही. रेवती जात राहिली. कॅमेऱ्यातली धूळ साफ करून आणायची, दर दोन-तीन महिन्यांनी. आज ती लग्नांचे, कारखान्यांचे फोटो काढते आणि स्वतःचा भाव स्वतः सांगते. घासाघीस करू देत नाही. ते कुणाकडून शिकली हे मला माहीत आहे. "चाचा तुमची चौकशी करत होते," असं ती म्हणाली की मी पेपर उघडायचो. एकदा शहागंजात ते समोरून आले. त्यांनी हात वर केला. मी मोबाइल कानाला लावला, आणि त्यावर पलीकडं कुणीही नव्हतं.

चाळीसावा झाल्यावर रेवती मला घेऊन गेली. दुकान रिकामं करत होते. भाभी खुर्चीवर बसल्या होत्या, पुतणे खोकी भरत होते. खुंटीवर तो काळा कोट अजून होता. मी म्हणालो, "भाभी, माझं चुकलं असेल."

"असेल कशाला भाऊजी? चुकलंच," त्या म्हणाल्या. त्यांनी दुरुस्तीच्या टेबलावरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं तो फोटो होता. दर्शनी काचेतून उतरवला होता, फेकला नव्हता. सहा वर्षं ते माणूस बारीक स्क्रू फिरवत माझ्याच वाकड्या तोंडासमोर बसत होतं. "रोज पुसायचे," भाभी म्हणाल्या. "मैं बोली, इतना झगडा करके गया आदमी, कायको लगा रखे? तो बोले, शेठने अभी पूरा नहीं देखा. आएगा देखने."

मी चष्मा लावला आणि बघितलं. तोंड होतं, बोट होतं. मास्तर खाली वाकलेले होते, ते पाया पडायला नव्हे, पडलेली कडी उचलायला. आणि त्यांच्या वर, फोटोच्या डाव्या कडेला, अंधारात, बिजागरीतून सुटलेली दुसरी फळी झुकलेली होती. तिला एक पंजा लागला होता. पाची बोटं ताणलेली, मनगटाच्या शिरा वर आलेल्या. माझा डावा हात. एकोणतीस हजारांच्या त्या कॅमेऱ्यानं तो कोपरा काळाच ठेवला असता.

फोटो आता माझ्या गोदामात, मी बसतो त्याच्या समोरच्या भिंतीवर आहे. रेवतीनं विचारलं, "पप्पा, खरं सांगा, तेव्हा मास्तरांना सांभाळत होता की फळीला?" मी खूप आठवून पाहिलं. फळी सागवानी होती, माझी झालेली होती, पडली असती तर चिरली असती... मास्तरांनी माझी चड्डी शिवली होती, हेही खरं. मला आठवत नाही. सत्तारभाईंना एक बाजू खरी वाटत होती, ती त्यांनी सहा वर्षं भिंतीवर ठेवली. त्यांनी माझ्याशी केलेला हा एकच सौदा, ज्यात त्यांनी माझाच भाव जास्त लावला.

परवा शहरातच रस्तारुंदीत जाणाऱ्या एका दुकानाची दारं उतरवली. पहिलं दार बिजागरीतून सुटलं. रीतीप्रमाणं भाव पुन्हा काढायला मी तोंड उघडलं आणि एकदम माझा डावा हात कुठं आहे ते बघितलं. खिशात होता. बाहेर काढला, दाराला लावला, मालकाला म्हणालो, जरा बाजूला सरका. मग भाव काढला.