मायचं लुगडं आणि आवाज न करणारं मशीन

मी आमच्या गावाहून, कड्याहून, पुण्याला निघाले तेव्हा मायनं, म्हणजे माझ्या आईनं, एसटीच्या खिडकीतून एक लांबुळकी पिशवी आत सरकवली. चटणी-भाकरी असेल म्हणून मी ती मांडीवर घेऊन बसले. नगर यायच्या आत भूक लागली, उघडून बघते तर आत धुण्याचं धोपटणं. लाकडी, एका बाजूनं झिजलेलं. "सोताची कापडं सोताच्या हातानं धुयाची, सुमे. लोकाच्या हातात द्यायची न्हाईत," असं ती स्टँडवर तीनदा बजावत होती, ते यासाठी. नर्सिंगच्या हॉस्टेलात मी ते ट्रंकेच्या तळाशी दडवलं आणि शिक्षण संपेपर्यंत बाहेर काढलं नाही. लाज वाटायची. तेव्हापासून ही लाज माझ्या मागे लागली आहे, आणि आता तिचा मला संताप येतो.

कड्यातल्या ज्या पोरी माझ्यासारख्या इकडे आल्या आणि ज्या तिकडेच राहिल्या, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्हाला आठवत असेल, विहिरीवरची मोटार सुरू झाली की आपण बायका धुण्याच्या बादल्या घेऊन निघायचो. कोण किती जोरात धोपटतंय त्यावरून घरात कुणाशी भांडण झालंय ते कळायचं. कपडे कुंपणावर, बाभळीवर, मिळेल तिथे. शेजारणीचा फाटका परकर सगळ्या आळीला माहीत असायचा आणि त्यावरून कुणी कुणाला नोटीस पाठवत नव्हतं.

आता माझा फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. एक बेडरूम, एक हॉल आणि स्वयंपाकघर म्हणून एक कोपरा. कपडे वाळवायला म्हणून नकाशात जी जागा होती ती बिल्डरनं पाइप आणि एसीच्या डब्यांना देऊन टाकली. उरली एक बाल्कनी, आणि बाल्कनीत कपडे दिसता कामा नयेत असा सोसायटीचा नियम. इमारतीचा 'लूक' बिघडतो म्हणे. माणसांनी धुतलेले कपडे घालावेत, पण ते वाळताना कुणाला दिसू नयेत, असं ज्यांना वाटतं त्यांची मला कीव येत नाही, चीडच येते. त्यात आमचं जुनं मशीन पिळायला लागलं की सगळ्या बाथरूमभर नाचायचं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. मशीन नाचायला लागलं की दुसऱ्या मिनिटाला त्यांचा फोन. "मॅडम, आमची भांडी वाजताहेत." मी माफी मागायची. वॉर्डात दिवसभर पेशंटच्या नातेवाइकांची बोलणी खायची आणि घरी येऊन काकांची.

गेल्या वर्षी माय अंगणात पडली, मनगट मोडलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊ नाही. प्लास्टर निघालं तशी मी तिला पुण्याला घेऊन आले आणि सांगितलं, आता इथंच राहायचं. ती कशीबशी तयार झाली. लेकीच्या घरी राहायचं हेच तिला जड जात होतं. माझा नवरा विलास समोर आला की डोक्यावरचा पदर सारखा करून ती उभी राहायची. तो बिचारा म्हणायचा, "माय, बसा की." मग तो बसल्यावर ती खाली फरशीवर बसायची.

आणि तिचं लुगडं मशीनमध्ये जाईना. कारण ऐकून मी कपाळाला हात लावला. मशीनमध्ये जावयाची पँट फिरते, बनियन फिरतं, त्यात सासूचं लुगडं कसं टाकायचं? "पाव्हण्याच्या कापडात माजं लुगडं? तुला काय लाजबीज हाय का न्हाई?" आमच्याकडे सासू आणि जावई यांच्या कपड्यांनी एका बादलीत भिजायचं नसतं, हे मी विसरूनच गेले होते. मग तिनं माझ्या ट्रंकेतून धोपटणं शोधून काढलं आणि दुपारी बाथरूममध्ये धुणं सुरू केलं. नुकत्या जुळलेल्या हातानं. धप, धप. काकांचा फोन. "मॅडम, आता हे काय नवीन?"

पण खरा कहर पुढे झाला. नऊवारी लुगडं घरातल्या स्टँडवर मावेना, म्हणून तिनं ते बाल्कनीच्या कठड्यावर पसरलं. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. हिरवं लुगडं, भोवती लाल गोल, खाली ओळ: 'ही सोसायटी आहे की धोबीघाट?' त्याखाली अंगठे आणि हसरे चेहरे. सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशी गाठून समजावलं, "इथं राहायचं तर इथल्यासारखं राहावं लागतं." तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तोंडातून 'हो सर' एवढंच निघालं. मायला वाचता येत नाही. पण माझ्या हातातल्या फोनकडे बघून ती म्हणाली, "सुमे, माजं लुगडं तुज्या फोनात कसं गं?" मी फोन उलटा ठेवला.

मी ठरवलं, धुणारं आणि वाळवणारं, दोन्ही करणारं एकच मशीन आणायचं, आणि तेही असं, की काकांनी फरशीला कान लावला तरी कळू नये. दुकानातल्या टायवाल्या गृहस्थांनी डेसिबलचे आकडे सांगायला सुरुवात केली. मशीन चालू करून दाखवलं, म्हणाले, "बघा, वाचनालयात बसल्यासारखं." मी म्हटलं, "रिकामं असल्यावर सगळंच गप्प असतं." दुसऱ्या दिवशी घरून सोलापुरी चादर भिजवून, बादलीसकट, रिक्षातून घेऊन गेले आणि म्हटलं, ही पिळून दाखवा. विलास लांब फ्रिजच्या रांगेत जाऊन उभा राहिला, आपला काही संबंध नाही असा. पहिलं मशीन चादर घेऊन थरथरलं. दुसऱ्यानं गुरगुर केली. तिसरं गप्प फिरत राहिलं, मी वर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. बाथरूमच्या दारातून जाईल का ते घरून आणलेल्या मापाच्या दोरीनं बघून मी तेच घेतलं. धुवायचे कपडे जितके मावतात त्याच्या निम्मेच त्यात वाळतात, हे मात्र गृहस्थांनी मशीन घरी पोचल्यावर सांगितलं.

माय तरीही ऐकेना. मी म्हटलं, तुझं वेगळं लावते. ती म्हणाली, डबा तर तोच ना. मी दमले होते, सलग ड्यूटी करून आले होते. मी ओरडले, "तुझ्या हट्टापायी लोक मला शहाणपण शिकवतात! इथं राहायचं तर इथल्यासारखं राहा!" बोलून झाल्यावर कळलं, हे वाक्य माझं नव्हतं, सेक्रेटरींचं होतं. पण मी ते मागे घेतलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी दुपारी ती आडवी झाल्यावर तिचं लुगडं विलासच्या कारखान्यातल्या तेलकट युनिफॉर्मबरोबर मशीनमध्ये टाकलं. वेगळं लावायलाही सवड काढली नाही. जुनं मशीन असतं तर ती उठली असती. हे इतकं गप्प चाललं की ती शेजारच्या खोलीत घोरत राहिली. त्या गप्पपणावरच मी खूश होते.

संध्याकाळी तिनं लुगडं उलगडलं आणि घडीतून विलासचा मोजा खाली पडला. घरात विलास नव्हता, तरी तिनं पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "लोकानं फोटू काढला तवा मला कायबी वाटलं न्हाई. मला समजलं व्हतं सगळं. ते लोक हाईत. तू लपून केलंस." मी म्हटलं, "माय, चुकलं." ती म्हणाली, "घर तुजं हाय म्हणतीस, तर तुज्या घरात तुज्या मायचं लुगडं कावून लपवायचं?" आठवडा संपायच्या आत विलास तिला कड्याला सोडून आला. येताना गाडीत तो मला फोनवर एवढंच बोलला, "मला सांगायचं होतंस. मी माझे कपडे बादलीत धुतले असते."

महिनाभर मी सगळ्यांवर चिडत होते. बिल्डरवर, काकांवर, तो लाल गोल काढणाऱ्यावर. मशीन असं शांतपणे चालायचं की त्याच्यावरही चिडत होते. पण या सगळ्यांना मायला घालवणं जमलं नव्हतं. ते मी केलं. त्यांच्याकडून शिकले आणि त्यांच्यापेक्षा चांगलं केलं.

शेवटी मी तिला फोन केला. रडले, परत ये म्हटलं. पलीकडून ती थंडपणानं म्हणाली, "यीन. पर कापडं कुटं वाळू घालू?"

"बाल्कनीत."

"अन् पुन्हा फोटू आला तर?"

"येऊ दे की."

"तसं नगं. आदी तू तुजी साडी घाल तितं. आठ दिस ऱ्हाऊ दी. मग बघू."

रविवारी विलासनं बाल्कनीत खिळे ठोकले. काकांचा फोन आला, मी घेतला नाही. दोरी बांधली आणि माझी लाल इरकली, लांबूनही दिसेल अशी, पूर्ण उलगडून टाकली. संध्याकाळी फोटो आलाच. तसाच लाल गोल, तसेच अंगठे. त्याखाली मी लिहिलं, 'ही साडी माझी हाय. काडणार न्हाई. हिच्याशेजारी माझ्या मायचं लुगडं येणार हाय.' सेक्रेटरींनी दंडाची नोटीस दारात सरकवली आहे. ती वाचली आणि परत त्यांच्या दाराखालून सरकवून आले.

घर म्हणजे काय, हे पूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मी कड्याचं नाव घेतलं असतं किंवा या पाचव्या मजल्याचं. आता एवढंच कळतं, की जिथं माझ्या मायला लाजून राहावं लागतं ती जागा माझ्या नावावर असेल, पण माझं घर नाही. आज चौथा दिवस आहे. साडी उन्हानं कडकडीत वाळली आहे, रंगही उडायला लागला आहे. अजून चार दिवस ती तिथून हलणार नाही.