कोरडा हात

"परत."

ताई एवढंच म्हणायच्या. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. मी निमूट हात पुन्हा नळाखाली धरायचो आणि पुन्हा साबण लावायचो.

सिंगापुरात, वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये त्या दोन मजले खाली राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, इथल्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स. माझ्या बायकोची, शुभाची, केमो सुरू झाली तेव्हा तिच्या डाव्या दंडातून एक बारीक नळी आत हृदयापर्यंत नेली होती. बाहेरचं टोक पारदर्शक पट्टीखाली. औषध त्यातूनच जायचं, आणि पट्टीत पाणी शिरलं तर जंतूही तिथूनच जाणार. मग नळी काढा, केमो थांबवा. ताईंनी हे मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, शुभाला ऐकू जाऊ नये म्हणून.

म्हणून अंघोळीआधी दंडाला क्लिंग फिल्म, अन्न झाकायचं ते पातळ प्लास्टिक, गुंडाळायची, दोन्ही कडा घट्ट. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो, पण हे मला काही केल्या जमेना.

"हे काय गुंडाळून राहिले, दादा? पोळ्या आहेत का ह्या? परत."

"पपा, फेल अगेन लाह!" आमची लेक इथल्या शाळेतल्या इंग्रजीत ओरडायची. शुभा खुदकन हसायची. तेव्हा मला ताईंचा भयंकर राग यायचा. आता वाटतं, त्या हसण्यासाठी जन्मभर नापास झालो असतो.

नळीत सलाइन सोडून ती आतून धुवायला हॉस्पिटलने मला शिकवलं होतं. टोपण पुसताना पंधरापर्यंत मोजायचं. ताई शेजारी बसायच्या, आणि मी बाराला थांबलो की पुन्हा एकपासून. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चहाला बसा म्हटलं तर बसत नाहीत, पण कामाला बोलवावं लागत नाही.

दिवाळीत शुभाने हट्ट धरला, अभ्यंगस्नान हवंच. मी नाही म्हटलं, ती रडली. ताईंच्या घरी बुद्धवंदना व्हायची, दिवाळी नाही. तरी ड्यूटीवर जाण्याआधी पहाटे वर आल्या. फिल्म स्वतः गुंडाळली आणि शुभाचा डावा हात बाजूला, उंच धरून उभ्या राहिल्या.

"घाला पाणी."

त्यांचा युनिफॉर्म भिजला. शुभाचा दंड कोरडा राहिला.

सात महिने त्या नळीत एकदाही जंतू शिरला नाही. आजार मात्र वाढतच गेला.

शुभा घरीच गेली, सकाळी. डॉक्टर मृत्यूचा दाखला देऊन गेले. शेवटची अंघोळ घालायची होती, ताई मदतीला आल्या होत्या. मी बादली भरली, आणि काही विचार न करता स्वयंपाकघरातून क्लिंग फिल्म आणून दंडाला गुंडाळायला लागलो. अर्ध्यावर लक्षात आलं. पण हात थांबेनात. पुरती गुंडाळली आणि ताईंकडे पाहिलं.

त्यांनी वरच्या कडेवरून बोट फिरवलं, मग खालच्या. मी 'परत'ची वाट बघत होतो.

"बरोबर आहे, दादा," ताई म्हणाल्या.

आणि शुभाचा डावा हात बाजूला, उंच धरून त्या उभ्या राहिल्या.

"घाला पाणी."