कर्नलमधला मंगळ

आपल्या मूर्खपणाची गोष्ट आपणच सांगितलेली बरी, नाहीतर बायको सांगते आणि वर मीठमसाला घालते. तर चहा घ्या आणि ऐका, मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पत्रिकेत मंगळ कसा बसवला.

मी जानेफळचा. मेहकरला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. लॅबमध्ये विंडोजऐवजी लिनक्स चालतं, आणि लिनक्सवाल्या माणसाला एक खोड असते. दुसऱ्याच्या मशीनवर विंडोज दिसलं की त्याचे हात शिवशिवतात.

आईला घेऊन मी लोणारला वर्षाला पाहायला गेलो. मुलगी मला बघताक्षणी आवडली. अडचण एकच, तिचे वडील वामनकाका. निवृत्त शिक्षक, आता गावभराच्या पत्रिका काढतात. पत्रिका जुळली तर पुढचं बोलणं, नाहीतर पोहे खा आणि एसटी पकडा, असा त्यांचा साधा नियम.

काका पत्रिका कॉम्प्युटरवर काढत, आणि तो प्रोग्राम विंडोजच्या पार पहिल्या जमान्यातला. त्यांचा कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ लागला, की आईचे दोन कप चहा झाले. मी गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण गप्प बसायला अक्कल लागते.

"काका, याच्यावर लिनक्स टाकून देऊ का? मशीन पळते मंग."

"आन् माहा प्रोग्राम? तो तं विंडोजचा हाय."

"तो बी चालवतो ना. मशीन चुकत नाही काका, माणूस चुकते."

हे वाक्य लक्षात ठेवा. काकांनी ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी मी पेनड्राइव्ह घेऊन हजर, सोबत आई. लिनक्स टाकताना मशीन शंभर प्रश्न विचारतं. भाषा कोणती, देश कोणता, गाव कोणतं. असल्या किरकोळ प्रश्नांवर विद्वान माणूस वेळ घालवतो का? मी 'पुढे, पुढे' दाबत सुटलो.

खरी विद्वत्ता नंतर होती. हा जुना प्रोग्राम मेमरीतली अगदी पहिली जागा मागतो, आणि लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळ्या सिस्टीमचा गाभा, ती जागा एसटीतल्या राखीव सीटसारखी अडवून ठेवतो. ती मोकळी करायला कर्नलच्या सेटिंगमध्ये एक आकडा शून्य करावा लागतो. मी केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती, वर्षा दारात उभी राहून बघत होती, म्हणून गरज नसताना चार कमांड जास्तीच्या मारल्या.

प्रोग्राम उघडला. पहिली पत्रिका अर्थातच माझी.

काकांनी प्रिंटरमधला कागद उचलला, चष्मा सारखा केला. "सातव्या घरात मंगळ हाय. कडक."

आई उठून उभी राहिली. "असं कसं? याले मंगळ नाई. हा जलमला तवाची पत्रिका हाय माह्याजवळ."

"ते हातानं लिहेल हाय, ताई. माणूस चुकते. मशीन चुकत नाई, तुमच्याच पोरानं सांगतलं."

आता माझी पंचाईत बघा. मशीन बरोबर म्हणावं तर लग्न मोडतं, चूक म्हणावं तर इज्जत जाते. "कर्नलची सेटिंग जरा परत पाहतो," म्हणून मी तो आकडा बदलला, मशीन बंद करून चालू केलं, परत बदलला. असं चार वेळा. मंगळ जागचा हलला नाही. आई माझ्याकडे बघेना.

"दुसऱ्या कोनाची काढून पाहू," मी म्हटलं.

"माहीच काढा."

काकांची पत्रिका आली. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, संततीयोग नाही. काकांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा वर्षाकडे. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तशी त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

वर्षा स्क्रीनजवळ आली. ती म्हणाली, "बाबा, किती वाजले?"

"बारा."

"मंग याच्यावर साडेसहा काऊन दाखवून राह्यलं?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात साडेसहाच वाजले होते. गाव न सांगितल्यामुळे मशीन साडेपाच तास मागं, विलायतेच्या वेळेवर चाललं होतं. प्रोग्रामनं जन्मवेळाही त्याच हिशेबानं धरल्या, आणि मी आणि काका, दोघंही साडेपाच तास उशिरा जन्मलो. कर्नलचा यात काडीचा दोष नव्हता.

मी मान खाली घालून देश निवडला. दोन क्लिकचं काम. मंगळ दहाव्या घरात गेला आणि काकांना संतती झाली.

काकांनी माझ्या पत्रिकेचे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "मंगळ असता तं शांती केली असती. या पोराची शांती कोन्त्या पोथीत हाय?"

उत्तर वर्षानं दिलं. "हो म्हना बाबा. माह्या नजरेसमोर राहीन तं सुधरन."

लग्न ठरलं. मुहूर्त दुपारी बारा वाजून पाच मिनिटांचा. मंडपात सगळे अक्षता घेऊन उभे, मी बोहल्यावर, तेवढ्यात सासरे माझ्या कानाशी आले.

"जावईबापू, हातातलं घड्याळ कोनं लावलं?"

"मीच."

त्यांनी ते हळूच माझ्या मनगटावरून उतरवलं, खिशात टाकलं, आणि मग गुरुजींना म्हणाले, "आता करा सुरू."