ओरिसियाने नेलेला साप

ओरिसिया प्रिस्टुपाने पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्यातली वीस वर्षं घरात साप सांभाळले. आमच्याकडे मॅनिटोबात सापाचं कुणाला नवल नाही. थंडी पडायच्या आधी ते तळघरात शिरतात. बाकीचे लोक त्यांना फावड्यानं बाहेर टाकतात, ओरिसियाचा नवरा काचेच्या पेटीत ठेवायचा. तो गेला तेव्हा चार उरले. चारही माद्या, पट्टेवाल्या, बिनविषारी. त्यांच्या खाण्याची गांडुळं माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून जायची, म्हणून मला त्या घराची खडान्‌खडा माहिती.

गेल्या वर्षी ओरिसियाच्या गुडघ्यांनी दगा दिला. तिच्या मुलानं, मायरॉननं, विनिपेगच्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली ठरवली. तिथं एका खोलीत एकच प्राणी चालतो.

"एक घे, बाकीचे दे सोडून," मायरॉन म्हणाला.

"एकमेकींवाचून राहतील का पण?"

"अगं आई, सापांना कुठलं आलंय मन? त्यांना ऊब लागते, बस."

"आणि तुला रे? हिवाळ्यात बायकोला चिकटून झोपतोस, ते काय मन आहे म्हणून?"

मायरॉनचे कान लाल झाले. खरं सांगते, मला त्याचंच पटलं होतं. पण ओरिसिया कुणाच्या सांगण्यावर जाणारी नव्हे. तिनं चौघींच्या डोक्यावर नेलपॉलिशचे ठिपके लावले: लाल, पांढरा, निळा, पिवळा. लोण्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून चार घरं केली आणि चारही पेटीत सारख्याच उबेत ठेवली. सकाळी कोण कुणाजवळ सापडली ते कॅलेंडरवर लिहायचं, सगळ्यांना बाहेर काढायचं, वास राहू नये म्हणून पेटी धुवायची, मग एकेकीला वेगळ्या डब्यात ठेवायचं. दीड महिना हे चाललं. बादल्या मी उचलायचे आणि कुरकुरायचे.

दुसऱ्या दिवशी लाल, पांढरी आणि निळी पुन्हा एकाच डब्यात असायच्या. डबा रोज वेगळा, तिघी त्याच. पिवळी मात्र एकटी. तिच्याशेजारी लालला मुद्दाम ठेवलं तरी पिवळीच उठून दुसरीकडे जायची.

"बघ, सिग्रिड," ओरिसिया मला म्हणाली. जिंकूनही तिचं तोंड उतरलं होतं. आता त्या तिघींतून एक उचलायची म्हणजे त्यांचं घर मोडायचं. तरी मला वाटलं, ती लाललाच नेईल. लाल तिची लाडकी, मनगटाला वेटोळं घालून बसायची. पिवळीला हात लावला की ती अंगावर घाण सोडायची.

जायच्या दिवशी ओरिसियानं पिवळीला उचलून पिशवीत घातलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले. "ती तुला विचारतसुद्धा नाही!"

"तिघी तुझ्याकडे राहतील, एकमेकींजवळ." पिशवीचं तोंड बांधता बांधता ती म्हणाली. "आणि हिचं काय, एक दिवस मी सकाळी उठणार नाही, तेव्हा हिला काही वाटणार नाही. म्हणून ही."

मला रडू आलं आणि तिचा रागही आला. मायरॉन गाडीत सामान भरत होता. हातातली खुर्ची त्यानं खाली ठेवली.

"मला वाटेल ना, आई."

ओरिसियानं पिशवी त्याच्या हातात दिली.

"मग रविवारी येत जा," ती म्हणाली.