पंतप्रधानांच्या तोंडी घातलेलं वाक्य

आधी दुरुस्ती. काल इथे लिहिलं होतं की ते वाक्य भाषणसंग्रहात नाही. तेव्हा मी पहिलाच खंड पाहिला होता. आज दुसराही वाचून काढला. त्यातही नाही.

येत्या रविवारी पुण्यात शनिवार पेठेत आपल्या एका युद्धकाळातल्या पंतप्रधानांच्या भाषणांवर कार्यक्रम आहे. सूत्रसंचालन माझ्याकडे. त्यांचं म्हणून मला जे वाक्य वाचायला दिलंय, त्यात ‘घुसून’ हा आजच्या सभांमधला शब्द आहे. हा माणूस तेव्हा लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायची विनंती करत होता!

सकाळी संयोजकांना फोन केला.

“अहो मॅडम, आपण निवेदन करताय की पीएचडी?”

“पण ते असं बोललेच नाहीत.”

“टाळ्या पडतात ना? मग बोलले. जमत नसेल तर दुसरी निवेदिका बघतो.”

मी फोन ठेवला. मला वाचायला बाबांनी घरीच शिकवलं. ‘ते म्हणाले’ असं मी लिहिलं की ‘कुठे?’ हा त्यांचा प्रश्न ठरलेला.

तुम्ही वाचलं असतं ते वाक्य? मी वाचणार नाही. त्यांच्या खऱ्या भाषणातला उतारा वाचणार. संयोजकांना तसं कळवलंय. मला काढलं, तर श्रोत्यांत उभी राहून वाचीन, पण वाचीन येत्या रविवारीच.