उलथनं गॅलरीतून टाकलं तेव्हा

कामोठ्यात गारा पडल्या म्हटलं तर पटेल का कुणाला? पण पडल्या, आणि त्याही भर जानेवारीत, संक्रांत तोंडावर आलेली. आधी वारा सुटला, समोरच्या गच्चीवरचा पत्रा धाडधाड वाजायला लागला. मग आडवा पाऊस, आणि बघता बघता काचेवर टणटण टणटण.

आमचे हे तीळ आणायला गेलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना. थंडीत छत्री कोण नेतं? आणि मोबाईल इथे, चार्जिंगला! माझा जीव नुसता टांगणीला.

आमच्या गावाकडे गारा सुरू झाल्या की आई विळा अंगणात फेकायची. लोखंड उघड्यावर पडलं की गारा थांबतात म्हणे. एकदा वडील मळ्यात अडकले, तर विळ्यामागून खुरपं टाकलं, पहारसुद्धा ओढत आणली तिनं. वडील आले ते डोक्यावर घोंगडं, हातात तिचाच विळा. तिनं चुलीवर चहा ठेवला फक्त.

लग्नानंतर ही गोष्ट यांना सांगितली तर केवढे हसले! कोकणातले ना. "तुम्हा घाटावरच्यांची तऱ्हाच न्यारी!"

पण त्या दिवशी हात आपोआप मांडणीकडे गेला. घरात लोखंड आहे कुठं हो? सगळं स्टील आणि नॉनस्टिक. सापडला भाकरीचा तवा आणि त्याचं उलथनं. अंगण तर नाहीच. आमचा पहिला मजला, खाली बागेची पट्टी. खाली कुणी नाही ना, ते बघितलं आणि ग्रिलमधून उलथनं दिलं सोडून.

वॉचमन केबिनमधून ओरडला, "आंटी, सामान गिर रहा है!"

म्हटलं, "गिरने दो!"

गारा काही थांबेनात. तवा ग्रिलमधून जाईना. तिरका करून बघत होते, तेवढ्यात बेल वाजली.

दारात हे. डोक्यावर कुणाची तरी गोणी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात उलथनं.

"जास्वंदीच्या मुळाशी उभं रुतलं होतं." मग माझ्या हातातल्या तव्याकडे बघून म्हणाले, "आता याची पाळी होती वाटतं?"

"हसा आता!"

हसले नाहीत. "दुकानात थांबलो होतो गं. म्हटलं, ही घरात येरझारा घालत असेल. म्हणून निघालो तसाच."

मी पदरानं त्यांचं डोकं पुसलं. डोळा ठीक होता. तीळ मात्र चिंब. उलथन्याचा चिखल धुतला आणि त्याच तव्यावर, मंद आचेवर तीळ हलवत बसले.

बाहेर गारा वाजतच होत्या. म्हटलं, वाजू देत.