जास्त पिंजलेला कापूस

माझी मुलगी तापाने गेली आणि मी अंथरूण धरलं. डॉक्टरला सकाळीच बोलावलं असतं तर, एवढंच दिवसभर डोक्यात फिरायचं. दिवाळीआधी अकोल्याच्या आमच्या घरी पिंजारी आला. भुवयांवर कापूस, गालात पान. सासू म्हणाली, "उठ वं, गादी तरी मोकळी कर."

मी ओट्यावर बसून पिंजाऱ्याला ती सकाळ सांगितली. मग पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा सुरू केल्यावर त्याने पिंजण थांबवलं.

"बाई, कापूस लय पिंजला तं त्याचा भुसा होते. मंग गादीत काय भरू?"

मला राग आला. त्या रागातच उठून चहा टाकला. साखर विसरले. त्याने तसाच पिऊन टाकला.

गादी भरून झाली. त्या दिवशी मी गादीवर दिवसा नाही, रात्रीच आडवी झाले.